काठी चार बोटं उंच

दोन हजार पंचवीस साल, आणि मी एकोणऐंशी वर्षांचा. ह्या वयात माणसानं आपल्याहून लहान माणसाच्या मातीला जाऊ नये, पण बिशपसाहेब, तुम्ही तशी वेळ आणलीत. मंगळवारी गेलात, गुरुवारी दुपारी आम्ही तुम्हाला मातीत ठेवलं, आणि आज रविवार आहे. उपासनेला गेलो, शेवटच्या बाकावर बसलो आणि गाणं म्हणायचा कंटाळा आला म्हणून नुसता उभा राहिलो.

आपला नवीन पाळक तरुण आहे, त्याच्यात खोट नाही. चर्चच्या पत्रकात तुमच्यावर लिहा म्हणाला आणि सोबत एक कागद दिला. तुमच्या नावाआधी काय काय लावायचं ते त्यावर टाइप केलेलं. पत्रात काय, स्टेजवरून काय, समोरासमोर काय. राईट रेव्हरंड कुठं, बिशप नुसतं कुठं, निवृत्त हा शब्द कंसात की बाहेर. "काका, चूक नको व्हायला म्हणून दिलं," म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, मी मराठी चौथी झालेला सुतार हाय. पण ह्या माणसाला काय म्हणायचं ते मला शिकवू नको. चोवीस वर्षं मी त्यांना बिशपसाहेबच म्हणत आलोय." तो खूश झाला. त्याला वाटलं, केवढा आदर.

तुम्हाला माहीत होतं आदर नव्हता तो. निदान सगळा नव्हता.

पहिलं लहानपणचं लिहितो. ते लिहिताना तुम्हीच्या जागी तू येतंय, येऊ दे. तेव्हा तू बिशप नव्हतास, चड्डीला नाडा नसलेला शांत्या होतास आणि मी जाक्या. याकोब हे नाव फक्त हजेरीपटावर. आपल्या दोघांचे बाप एकाच गिरणीत, एकाच पाळीला. मिशनच्या शाळेत चौथीच्या वर्गाच्या दाराची चौकट सागवानी होती. तिला पाठ लावून आपण उंची मोजली आणि मी चाकूनं रेघ मारली. दोघांची एकच रेघ आली. मास्तरांनी चौकट खराब केली म्हणून दोघांना एकेक छडी दिली, तेव्हा तू म्हणालास, "मास्तर, रेघ एक हाय तर छडी पण एकच पायजे. अर्धी त्याला, अर्धी मला." मग आणखी एकेक खाल्ली.

त्या रेघेनं पुढं माझा घात केला. पण ते नंतर.

मी शाळा सोडून रंधा का धरला विचारशील तर घरी कुणी सक्ती केली नव्हती. मला पुस्तकाचा कंटाळा होता. तू शिकलास, पाळक झालास, गावोगाव फिरलास. सोलापुरात आलास की सात रस्त्याजवळच्या माझ्या दुकानात भुशावर बसून चहा प्यायचास. चर्च झाडणाऱ्या भीमाबाईला कुणी सांगितलं की आता त्याला पाळकसाहेब म्हण, तर ती म्हणाली, "मी ह्याचं नाक पुसलंय. ज्याचं नाक पुसलं त्याला साहेब कसं म्हणू?" आणि शेवटपर्यंत तिनं तुला पाद्रीबाबा म्हटलं. तू बिशप झालास तरी पाद्रीबाबाच. तुला ते लई आवडायचं. मला वाटतं त्या बाईइतकं शहाणपण मला असतं तर हा लेख दोन ओळींत संपला असता.

तुमची बिशप म्हणून निवड झाली तेव्हा मी चाळीत पेढे वाटले. मग बसलो विचार करत, की बिशपाला काय काय असतं. जांभळा शर्ट असतो, तो शिंपी शिवेल. अंगठी असते, गळ्यात क्रूस असतो, ते सोनार करेल. डोक्यावर ती दोन टोकांची उंच टोपी असते. आणि हातात मेंढपाळाची काठी असते, वरून आकड्यासारखी वाकलेली. ती लाकडाची. म्हणजे माझी. कुणी सांगितलं नव्हतं, मी आपणहून ठरवलं.

मोडनिंबच्या बाजूला एका धनगराकडं गेलो, म्हटलं मेंढपाळाची काठी खऱ्या मेंढपाळाकडं बघून करावी. तो म्हातारा मेंढरं बसवून झाडाखाली उभा होता. त्याला मी बोटानं हवेत आकडा काढून दाखवला. तो हसायला लागला.

"असली वाकडी काठी कोण वापरतंय? आमची सरळ आस्ती. वर कोयता बांधतो, पाला पाडायला."

"आमच्यात वाकडी लागती. मेंढरू पायाला धरून वढायला."

"मेंढरू वढून येतंय व्हय? पाला दावा, मागनं येतंय."

तरी त्यानंच मला बांधावरची एक बाभळीची फांदी दाखवली, आपसूक वाकलेली, जणू माझ्यासाठीच वाढलेली. ती आणली, सावलीत वाळवली, सहा महिने थांबलो. बाभूळ घाई केली की चिरते. मग रंधा, मग कानस, मग काचेच्या तुकड्यानं घासून तेल पाजलं. खाली लोखंडी शेंबी बसवली. उंची धरली खांद्याइतकी, कारण तो धनगर काठीला टेकून उभा होता तेव्हा ती त्याच्या खांद्याला लागत होती. कुणाच्या खांद्याइतकी? माझ्या. तुमचं माप घ्यायची गरजच वाटली नाही. चौकटीवर दोघांची रेघ एक होती ना.

दीक्षेच्या दिवशी मी काठी धोतराच्या पानात गुंडाळून पहाटेच तुमच्या खोलीवर दिली. वहिनींनी घेतली. मग मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो, नवा सदरा घालून. बाहेरगावचे बिशप आले होते. त्यांनी तुमच्या बोटात अंगठी घातली, गळ्यात क्रूस घातला, डोक्यावर टोपी ठेवली. आणि मग हातात काठी दिली ती चांदीच्या मुलाम्याची, तीन तुकडे आट्यांनी जोडलेली. माझी नव्हती. मी शेजारच्याला सांगून ठेवलं होतं, आता बघ, माझी काठी येईल. त्यानं माझ्याकडं बघितलं. ते त्याचं बघणं मी तुम्हाला कधी माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्या जांभळ्या शर्टात दुकानात आलात. भुशावर बसायला लागलात.

"थांबा बिशपसाहेब, खुर्ची पुसतो," मी म्हणालो.

"जाक्या, काय लावलंयस?"

"आपल्याला चहा चालेल का, का आता चालत नाही?"

तुम्ही उभेच राहिलात. म्हणालात, "ती काठी पदाची आहे रे. माझ्याआधी चौघांच्या हातात होती, माझ्यानंतरच्याच्या हातात जाईल. ती माझी नाही. तुझी काठी माझी आहे."

"मग आपली घरात ठेवा. छत्रीशेजारी."

आत्ता कळतं की तुमचं बरोबर होतं. तेव्हाही कळलं असावं. पण चारचौघांत मान खाली गेली की कळलेलं आत जात नाही. त्या दिवसापासून मी तुम्हाला नावानं हाक मारली नाही. एकटे असलो तरी बिशपसाहेब. तुमच्या घरी जेवायला बसलो तरी तू नाही, आपण. तुम्ही एकदा म्हणालात, "तू साहेब म्हणतोस तेव्हा शिवी दिल्यासारखं लागतं." मी म्हटलं, "पदाला मान द्यायचा आस्तोय. आम्ही अडाणी, पण तेवढं कळतंय." हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं.

भांडण झालं म्हणून येणं-जाणं मात्र थांबलं नाही. तुम्ही थांबू दिलं नाहीत. मी बघत असायचो तुम्हाला. जेवताना गळ्यातला क्रूस आमटीत बुडू नये म्हणून तो शर्टाच्या खिशात टाकायचात आणि साखळी तेवढी बाहेर लोंबायची, नवीन माणसाला वाटायचं साहेबांचं घड्याळ आहे. अंगठी सैल होती. तिला आतून दोरा गुंडाळला होता वहिनींनी, आणि लोक हात हातात घेऊन अंगठीचा खडा बघायचे तेव्हा तुम्ही दोरा दिसू नये म्हणून बोट वाकडं धरायचात. सही करताना नावाआधी क्रूस काढायचात. मी म्हणालो, "माझी आजी पण फुलीच मारायची, आणि तिला कुणी गाडी दिली नाही." तुम्ही इतके हसलात की पेन खाली पडलं. त्या हसण्यात नावानं हाक मारून टाकायची संधी होती. मी पेन उचलून दिलं.

एक दिवस आठवतो. आपल्याच चर्चमध्ये पोरापोरींचं दृढीकरण होतं, बिशपानं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायचा विधी. बिशप स्वतःच्या भागात असला की काठीचा आकडा लोकांकडं धरायचा, असा शिरस्ता तुम्हीच मला एकदा सांगितला होता. त्या दिवशी तुम्ही ताप अंगावर काढून आला होतात. आकडा तुमच्याच तोंडाकडं वळलेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पहिल्या बाकावरून बोट गोल फिरवलं. तुम्ही बघितलंत, हळूच काठी फिरवलीत, आणि टोपीखालून डोळा मारलात. एवढ्या मोठ्या पोशाखातला माणूस डोळा मारतो, आणि तोही मलाच. घरी येताना मी रस्ताभर हसत होतो. पोचलो तेव्हा आठवलं की मी रागावलेला आहे.

मग पासष्टी झाली. निवृत्तीच्या उपासनेत तुम्ही ती चांदीची काठी वेदीवर आडवी ठेवलीत आणि रिकाम्या हातानं खाली उतरलात. उतरताना हात कुठं ठेवावा हे तुम्हाला कळेना. मी ते बघितलं. म्हटलं, जावं, हाताला धरावं. लोक बिशपसाहेब, बिशपसाहेब करत गराडा घालून होते, आणि मी त्या गराड्याला निमित्त केलं.

सात वर्षांपूर्वी तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चार पायांची अॅल्युमिनियमची काठी दिली, ती तुम्ही परत पाठवलीत आणि कपाटामागून माझी बाभळीची काढलीत. तीच टेकत दुकानात आलात. दारातच मला दिसलं. सुताराला दिसतंच. आकडा धरायचा तर तुमचा हात खांद्याच्या वर जात होता, कोपर बाहेर, एक बाजू उचललेली. मी वाढलो होतो आणि तुम्ही त्या रेघेवरच थांबला होतात. एवढी वर्षं समोरासमोर उभे राहून बोललो आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण बोलताना तुम्हीच मान वर करायचात.

"चार बोटं कमी करून दे," तुम्ही म्हणालात.

"माझ्या मापात चूक नसते, बिशपसाहेब."

"चूक नाही रे. मीच बुटका."

"मग आपण उंच व्हा."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. ती हसली. तुम्हीही हसलात, आणि काठी तशीच टेकत गेलात.

तुमचा मुलगा कापून आणतो म्हणाला, तुम्ही दिली नाहीत. शेजारचा फर्निचरवाला पाच मिनिटांचं काम म्हणाला, त्यालाही नाही. "ज्यानं केली तो कापेल," एवढंच म्हणायचात, वहिनींनी सांगितलं. तुम्ही आकड्याच्या खाली, जिथं हात खरा पोचत होता तिथं, जुन्या जांभळ्या शर्टाची चिंधी गुंडाळलीत, घाम येऊन हात सरकू नये म्हणून. ती चिंधी आकड्यापासून मोजून चार बोटं खाली होती. सात वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिच्याकडं बघून हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

जायच्या पंधरा दिवस आधी मी तुमच्या ओसरीवर होतो. तुमचा आवाज बारीक झाला होता.

"आता तरी कापतोस का?"

"बिशपसाहेबांनी हुकूम करावा."

"हुकूम नाही. विनंती आहे."

"विनंतीला लेखी अर्ज लागतो. कचेरीची रीत तुम्हीच शिकवली."

मी गंमत केली होती. तुम्ही वहिनींना कागद मागितलात. उशीवर पाटी ठेवून, दम खात खात लिहिलंत. मला वाचून दाखवलं नाहीत, घडी करून दिलंत. मी घरी येऊन वाचलं, मला हळूच वाचावं लागतं.

परमपूज्य, महामान्य, सुतारमहाराज याकोबराव यांच्या सेवेशी. अर्ज करतो की, खाली सही करणारा इसम उंचीने कमी आहे. तरी सदर काठी चार बोटे कमी करून मिळावी. तसेच अर्जदारास पूर्वीच्या नावाने हाक मारण्याची कृपा व्हावी. खाली क्रूस, आणि क्रूसापुढं नुसतं शांतवन.

मी तो कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला. ठरवलं, पुढच्या सोमवारी करवत घेऊन जाऊ. सोमवारी गुडघा दुखला. त्याच्या पुढच्या सोमवारी तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं. मंगळवारी सकाळी फोन आला.

पेटी मीच केली. मुलगा तयार आणतो म्हणाला, मी म्हटलं, नाही. ह्या वेळी माप घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तुमचं माप घेतलं, तुम्ही गप्प पडून होतात, आणि टेपवर आलेला आकडा मी दोनदा बघितला. एवढासाच होतास तू.

गुरुवारी चर्चमध्ये पेटीवर काय ठेवायचं ह्याची चर्चा झाली. बायबल, गळ्यातला क्रूस, टोपी, तिथंवर सगळे एका मताचे. वहिनी म्हणाल्या, "त्यांची काठी पण ठेवा," आणि बाभळीची पुढं केली. पाळक अडखळला. वाईट बोलला नाही, हळूच म्हणाला, "मावशी, निवृत्तीला काठी वेदीवर परत केलेली असते. पदाची ती. ही तशी... ही चालायची काठी आहे ना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चोवीस वर्षांपूर्वी बाकावरच्या शेजाऱ्यानं बघितलं होतं तसंच. मी म्हटलं, "व्हय. चालायचीच हाय. तो तिच्यावरच चालला."

ठेवली मग.

कबरीपाशी पेटी उतरवायच्या आधी टोपी आणि क्रूस मुलाकडं गेले, अंगठी वहिनींच्या मुठीत. दोरा अजून होता तिला. काठी वहिनींनी माझ्या हातात दिली. "भावजी, ती घरात मला बघवायची नाही. आणि तुम्हाला त्यांचं एक काम राहिलंय." एवढंच बोलल्या. मूठभर माती टाकताना माझ्या तोंडात बिशपसाहेब आलं, ते मी गिळलं. त्याच्या जागी दुसरं यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. इतक्या लोकांत मला जमलं नाही. घरी आलो, सदऱ्यासकट आडवा झालो. रडू आलं नाही. नुसता शीण होता, हाडांत उतरलेला.

शुक्रवारी सकाळी उठून दुकान उघडलं. फळी झाडली. तुझा अर्ज काढून फळीवर पसरला, सुताराच्या जाड पेन्सिलीनं खाली मंजूर लिहिलं आणि सही केली. मग काठी घेतली. आधी चिंधी सोडवली. तिच्याखालचं लाकूड मी तेल पाजलं होतं त्याच दिवसासारखं पिवळं होतं, बाकी सगळं काळं पडलेलं. शेंबी काढली, खालून चार बोटं मोजली. माझी बोटं जाड आहेत म्हणून तुझी आठवून मोजली. करवत धरली तेव्हा म्हणालो, "शांत्या, धर रे दुसरं टोक." लहानपणी धरायचास तसं. दुकानात कुणी नव्हतं. बाभूळ वाळून लोखंड झाली होती, बराच वेळ लागला. शेंबी परत ठोकली, आणि काठी टेकत दफनभूमीकडं निघालो.

आता ती तुझ्या मापाची झाली, म्हणजे मला चार बोटं बुटकी. आकड्यावर भार टाकून चालायचं तर वाकावं लागतं. सात रस्ता येईपर्यंत दोघांनी हटकलं. पानवाला म्हणाला, "काय म्हातारबा, कंबर धरली का?"

व्हय म्हणालो, आणि तसाच वाकून पुढं गेलो.